धनुष्याची निगा: आधी स्ट्रिंग, मग बोल्ट

मागच्या पावसाळ्यात एक वडील मुलीला घेऊन मैदानावर आले. तीन आठवडे तिचा ग्रुप, म्हणजे एका जागी बसणाऱ्या बाणांचा पुंजका, फुटला होता. बाण कधी डावीकडे जायचा, कधी वर, आणि प्रत्येक सुटकेला स्ट्रिंग (धनुष्याची दोरी) आर्म गार्डवर सपकन बसायची. वडिलांनी लिम्बचे (धनुष्याच्या वाकणाऱ्या हातांचे) बोल्ट फिरवून पाहिले होते, बाणाला बाजूने टेकू देणाऱ्या बटनाची स्प्रिंग आवळली होती, नेम धरायची साईट तर दोन्ही बाजूंना हलवून झाली होती. मी धनुष्य हातात घेतलं आणि ब्रेस हाइट, म्हणजे मुठीपासून स्ट्रिंगपर्यंतचं अंतर, मोजली. ६८ इंची धनुष्यावर ती जेमतेम २० सेंटिमीटर भरली. स्ट्रिंग रोज सुटी करून तशीच पिशवीत टाकली जायची आणि तिचे पीळ आपोआप उलगडत गेले होते. पीळ परत भरले, तेव्हा धनुष्याचा आवाज बसला. पण मधल्या काळात हलवलेले बोल्ट आणि बटन पूर्ववत करायला आमच्या दोन संध्याकाळी गेल्या, कारण आधीचं कुठलंच माप लिहून ठेवलेलं नव्हतं.

असं वारंवार घडतं. लोक राइजर (धनुष्याचा मधला, मुठीचा भाग) पुसून लख्ख ठेवतात, लिम्बवरचा ओरखडा पाहून हळहळतात. पण ज्या भागावर प्रत्येक बाणाचा ताण येतो त्या स्ट्रिंगकडे, आणि ती ज्या नॉकला (बाणाच्या मागच्या टोकाच्या खाचेला) भिडते त्या नॉककडे, कुणाचं लक्ष नसतं. दुरुस्तीला हात घातलाच, तर तो उलट्या टोकाने घातला जातो. म्हणून खाली जो क्रम दिला आहे तो मोडू नका. लेख मुख्यतः सुट्या होणाऱ्या रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेल्या) धनुष्याबद्दल आहे. बांबूच्या धनुष्यासाठी आणि चाकं व केबल असलेल्या कंपाउंडसाठी शेवटी वेगळं लिहिलं आहे.

## टप्पा १: तयारी

जमिनीवर बसून काम करायचं असेल तर आधी जुनी चादर अंथरा. मैदानावरच्या मातीत धनुष्य उघडू नका. लिम्बच्या खाचेत शिरलेला वाळूचा एक कण पुढे महिनाभर करकरतो.

जवळ एवढं हवं:

- धनुष्यासोबत आलेल्या ॲलन की. बाजारातला मिळताजुळता सेट चालेल असं वाटतं, पण काही बोल्ट मिलिमीटरच्या मापाचे असतात, काही इंचाच्या. जरा सैल बसणारी की बोल्टचं तोंड गोल करून टाकते आणि मग तो निघत नाही.
- बो स्क्वेअर (स्ट्रिंगला अडकवायची काटकोनी मोजपट्टी)
- स्ट्रिंगर (स्ट्रिंग चढवण्यासाठी वापरायची दोरी)
- स्ट्रिंग वॅक्स आणि चामड्याचा छोटा तुकडा
- दोन सुती फडकी, थोडा कापूस, जुना मऊ टूथब्रश
- सर्व्हिंगचा (स्ट्रिंग झिजू नये म्हणून तिच्यावर गुंडाळायचा) दोरा आणि डेंटल फ्लॉस
- एक जादा स्ट्रिंग, जिच्यावरून आधी बाण मारलेले आहेत
- वही आणि पेन

यातली वही सगळ्यात महत्त्वाची. धनुष्य आज चांगलं चालतंय, बाण एका जागी बसताहेत, तर आजच सगळी मापं लिहून घ्या: ब्रेस हाइट, वरचा टिलर, खालचा टिलर (लिम्बच्या बुडापासून स्ट्रिंगपर्यंतचं अंतर), नॉकिंग पॉइंटची (स्ट्रिंगवर बाण लावायच्या खुणेची) उंची, बोल्ट पूर्ण आत कसल्यानंतर किती फेरे बाहेर घेतले आहेत, स्ट्रिंगला किती पीळ आहेत, स्ट्रिंग किती धाग्यांची आहे आणि कोणत्या तारखेला चढवली. बिघाड झाल्यावर घेतलेली मापं बिघाडाचीच असतात, त्यांचा उपयोग होत नाही.

तपासा: वहीचं पान भरलं का? भरलं नसेल तर ॲलन की अजून हातात घेऊ नका.

## टप्पा २: स्ट्रिंग चढवण्याआधी लिम्ब पाहा

लिम्ब सुटे असतानाच पाहायचे. ताण आला की बारीक भेग कधी मिटते, कधी उघडते, आणि उघडली तर ती तोंडासमोर उघडते.

१. खिडकीशी उजेडात उभे राहा. लिम्ब तिरका धरून दोन्ही पृष्ठभागांवरून आणि कडांवरून नजर फिरवा.

२. कापसाचा बोळा कडेवरून टोकापासून बुडापर्यंत अलगद ओढा. जिथे कापसाचे तंतू अडकतात तिथे थर सुटायला लागलेला असतो किंवा काच-तंतू वर आलेला असतो. हे काम उघड्या बोटाने कधीही करू नका. फायबरग्लासची कुसळ बोटात मोडली की ती दिसतही नाही आणि निघतही नाही.

३. टोकाची खाच पाहा. स्ट्रिंगचा लूप जिथे बसतो तिथे लाखेत घर पडलं आहे का, एका बाजूला जास्त झिज आहे का?

४. बुडाचा भाग, म्हणजे राइजरमध्ये सरकणारा धातूचा तुकडा, हलतो का ते पाहा. तिथली माती टूथब्रशने काढा. राइजरच्या खाचेतही ब्रश फिरवा.

ओरखडा आणि भेग यांत घोटाळा होतो. ओरखडा वरच्या लाखेत असतो आणि लिम्ब किंचित वाकवला तरी त्याची रुंदी तीच राहते. भेग कडेपर्यंत पोचते, किंवा तिच्याभोवतीचा रंग पांढुरका पडलेला असतो.

इशारा: भेग आहे असं वाटलं तर तो लिम्ब बाजूला ठेवा. झटपट चिकटवणारा डिंक भरून, वरून टेप गुंडाळून तो वापरू नका. ३० पाउंड जोराचा लिम्ब तुटतो तेव्हा त्याचा तुकडा चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतो.

## टप्पा ३: स्ट्रिंग चढवणे

सगळ्यात जास्त लिम्ब इथे पिळवटतात. पाय धनुष्यातून घालून, मांडीवर राइजर टेकवून, हाताने वरचा लिम्ब वाकवायची पद्धत अजून सर्रास दिसते. त्यात जोर लिम्बच्या मधोमध न येता एका कडेला येतो. दहा वेळा काही होत नाही, पण हळूहळू टोक एका बाजूला वळतं आणि मग स्ट्रिंग मध्यावर राहत नाही. स्ट्रिंगर स्वस्त असतो आणि नवे लिम्ब महाग. स्ट्रिंगर नसेल त्या दिवशी धनुष्य चढवू नका.

१. वरचा आणि खालचा लिम्ब ओळखून राइजरमध्ये बसवा. बहुतेक कंपन्या लांबी आणि पाउंड खालच्या लिम्बवर छापतात. अदलाबदल झाली की टिलर बिघडतो आणि कारण शोधता शोधता दिवस जातो.

२. स्ट्रिंगचा मोठा लूप वरच्या लिम्बवर सरकवा. लहान लूप खालच्या टोकाच्या खाचेत बसवा.

३. स्ट्रिंगरची पिशवी खालच्या टोकावर चढवा. रबराचा ठोकळा वरच्या लिम्बवर, स्ट्रिंगच्या लूपच्या जरा आत ठेवा.

४. स्ट्रिंगरच्या दोरीवर पाय खांद्याइतके फाकवून उभे राहा. एका हाताने राइजरची मूठ धरून सरळ वर उचला आणि दुसऱ्या हाताने लूप सरकवत वरच्या खाचेत नेऊन बसवा. चेहरा टोकांच्या रेषेत आणू नका.

५. राइजर सावकाश खाली आणा. दोन्ही लूप खाचेच्या तळाशी बसले आहेत का, हे डोळ्यांनी पाहा. नुसतं हाताला जाणवलं म्हणून पुढे जाऊ नका. त्यानंतरच स्ट्रिंगर काढा.

६. स्ट्रिंग तीनचार वेळा हातभरापेक्षा कमी ओढा आणि हातानेच परत आणा. सोडू नका. लिम्ब आपल्या जागी नीट बसतात, कधी कधी खट् असा आवाजही येतो. तो आवाज इथेच आलेला बरा.

तपासा: धनुष्य खुर्चीच्या पाठीवर आडवं टेकवून मागे उभे राहा आणि एक डोळा मिटा. स्ट्रिंग दोन्ही लिम्बच्या बरोबर मधून आणि राइजरच्या मध्यरेषेवरून जाते का? एका लिम्बवर ती बाजूला गेली असेल तर आधी स्ट्रिंग उतरवून लिम्ब पुन्हा बसवा. धूळ अडकली असली तरी असं दिसतं. स्वच्छ करूनही फरक पडला नाही तर लिम्ब जाणकाराला दाखवा.

## टप्पा ४: ब्रेस हाइट

मुठीच्या सगळ्यात खोल भागापासून स्ट्रिंगपर्यंतचं अंतर म्हणजे ब्रेस हाइट. बो स्क्वेअर स्ट्रिंगला अडकवून मोजा. ६८ इंची धनुष्यासाठी ती साधारण २१.५ ते २३ सेंटिमीटर असते. ६६ इंचीला त्याहून थोडी कमी, ७० इंचीला थोडी जास्त. धनुष्याच्या पुस्तिकेत दिलेली मर्यादा अंतिम समजा.

कमी भरली तर स्ट्रिंगला पीळ वाढवा, जास्त भरली तर कमी करा. त्यासाठी स्ट्रिंगर लावून एक लूप काढावा लागतो. वाढवताना ज्या दिशेने आधीचे पीळ आहेत त्याच दिशेने फिरवायचं, उलटं फिरवलं तर स्ट्रिंग उलगडते. एका वेळी चारपाच पीळ द्या, चढवा, मोजा, लिहा. पंधरा पीळ एकदम देऊन मग मागे येत बसू नका.

मर्यादेच्या आत नेमकं माप कोणतं, हे कानाने ठरवायचं. बाण मारून ऐका. जिथे धनुष्य सगळ्यात शांत वाजतं आणि हाताला झटका कमी बसतो, ते तुमचं माप. या कामासाठी दोन मिलिमीटरच्या फरकाने चार मापं घेऊन प्रत्येकावर सहा बाण मारा. एक संध्याकाळ पुरते.

नवी स्ट्रिंग असेल तर पहिल्या पन्नास ते शंभर बाणांत ती ताणून बसते. तोवर मोजलेलं माप कच्चं धरा. पुष्कळ जण स्पर्धेच्या आदल्या दिवशी नवी स्ट्रिंग चढवतात आणि दुसऱ्या फेरीत गोंधळतात, त्याचं कारण हेच.

तपासा: ब्रेस हाइट रोज, पहिल्या बाणाआधी मोजा. दहा सेकंदांचं काम आहे. ती बदलली असेल तर बाकी कशालाही हात लावू नका.

## टप्पा ५: स्ट्रिंगची निगा

इथे जरा थांबू या, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच आहेत.

स्ट्रिंग जवळ धरून उजेडात पाहा. निरोगी स्ट्रिंगचे धागे एकमेकांना चिकटून गुळगुळीत दोरीसारखे दिसतात. कोरडी पडली की आधी लव उभी राहते, लोकरीच्या स्वेटरवर येते तशी. मग धागे सुटे सुटे दिसू लागतात आणि त्यांच्या मधे धूळ बसते. ही धूळ प्रत्येक बाणागणिक धाग्यांना आतून घासते. वॅक्स लावायचं ते या घर्षणासाठी.

१. आधी कोरड्या फडक्याने स्ट्रिंग पुसा. धुळीवर वॅक्स लावलं की सँडपेपर तयार होतो.

२. वॅक्सची कांडी उघड्या धाग्यांवरून वरखाली हलकी फिरवा.

३. चामड्याचा तुकडा दुमडून त्यात स्ट्रिंग धरा आणि भराभर घासा. ऊब लागली की वॅक्स आत उतरतं.

४. जास्तीचं वॅक्स काढा. फ्लॉसचा तुकडा स्ट्रिंगभोवती एकदा गुंडाळून वरून खाली ओढला की पांढरे गोळे निघून येतात. ते ठेवले तर स्ट्रिंग उगीच जड होते आणि मैदानातली धूळ गोळा करते.

इशारा: मधल्या सर्व्हिंगवर, म्हणजे जिथे नॉक आणि बोटं बसतात तिथे, वॅक्स लावू नका. टॅब (बोटांवर घालायचा चामड्याचा तुकडा) बुळबुळीत होतो. मेणबत्तीचं मेण, खोबरेल, शिलाई मशीनचं तेल किंवा गंज काढायचा स्प्रे स्ट्रिंगवर कुठेच नको.

किती दिवसांनी लावायचं याचं ठरावीक उत्तर नाही. लव दिसली की लावा. उन्हाळ्यात धुळीच्या मैदानावर आठवड्याला लागतं, पावसाळ्यात भिजून वाळल्यावर लागतं.

आता सर्व्हिंग. नॉकच्या जागी नखाने अलगद ढकलून पाहा. वेटोळे सरकून मधे फट पडत असेल तर ते उलगडायच्या वाटेवर आहे. ते पुन्हा घाला किंवा घालून घ्या. लूपच्या टोकाशी असलेलं सर्व्हिंगही पाहा, कारण तिथली झिज लिम्बच्या टोकाआड लपते. एखादा जरी धागा तुटलेला दिसला तरी ती स्ट्रिंग रद्द. अठरातला एकच तर गेला, असा हिशेब करू नका. ज्या कारणाने एक तुटला त्याच कारणाने शेजारचे अर्धे झालेले असतात.

नॉकची पकड याच वेळी तपासा. बाण स्ट्रिंगला लावून धनुष्य आडवं धरा, म्हणजे बाण खाली लोंबेल. तो स्वतःच्या वजनाने पडता कामा नये, आणि स्ट्रिंगवर बोटाने हलकी टिचकी मारली की सुटला पाहिजे. पडत असेल तर सर्व्हिंग बारीक आहे किंवा नॉक फाकलं आहे. सुटतच नसेल तर सर्व्हिंग जाड आहे. ही चाचणी पाच बाणांवर करा. एकाच बाणाला त्रास असेल तर ते नॉक बदला.

सैल किंवा चिरलेलं नॉक ऐन वेळी स्ट्रिंगवरून सुटतं आणि धनुष्य रिकामंच सुटतं. बाणात जायची सगळी ताकद तेव्हा लिम्बमध्ये परत येते. असं झालं तर तिथेच थांबा, स्ट्रिंग उतरवा आणि टप्पा २ पुन्हा पहिल्यापासून करा, टोकं आणि लूप विशेष लक्ष देऊन पाहा. काही झालेलं दिसत नाही म्हणून पुढचा बाण लावू नका.

आणखी एक गोष्ट. शिकायच्या साध्या लाकडी धनुष्यावर डॅक्रॉनची स्ट्रिंग असते, ती थोडी ताणली जाते आणि धक्का पचवते. वेग वाढेल म्हणून तिच्या जागी न ताणणारी फास्टफ्लाइट चढवली जाते. ज्या लिम्बची टोकं त्यासाठी मजबूत केलेली नाहीत ती चिरत जातात. लिम्ब कोणती स्ट्रिंग सोसतो हे विचारूनच विकत घ्या.

## टप्पा ६: बोल्ट, टिलर आणि नॉकिंग पॉइंट

ब्रेस हाइट ठरली आणि स्ट्रिंग बरी आहे याची खात्री झाली, तरच इथे या. बोल्ट फिरवला की ब्रेस हाइट बदलते, पीळ बदलला की नॉकिंग पॉइंट सरकतो. म्हणून क्रम असा: पीळ, ब्रेस हाइट, बोल्ट आणि टिलर, पुन्हा ब्रेस हाइट, नॉकिंग पॉइंट, आणि सगळ्यात शेवटी बटन व साईट.

१. स्ट्रिंग उतरवा. चढवलेल्या धनुष्याचे बोल्ट फिरवायची सवय लावून घेऊ नका.

२. बोल्टला कुलूप घालणारा लहान स्क्रू असेल तर तो आधी सैल करा. तो तसाच ठेवून जोर केला की आटे जातात.

३. वरचा आणि खालचा बोल्ट सारखेच फेरे फिरवा, अर्ध्या फेऱ्याने. वहीत लिहा.

४. स्ट्रिंग चढवा. लिम्ब राइजरमधून जिथे बाहेर येतो तिथून स्ट्रिंगपर्यंतचं काटकोनातलं अंतर वर आणि खाली मोजा. तीन बोटांनी ओढणाऱ्यांचं वरचं अंतर खालच्यापेक्षा शून्य ते सहा मिलिमीटर जास्त असतं.

५. नॉकिंग पॉइंट पाहा. बो स्क्वेअर रेस्टवर (बाण टेकायच्या आधारावर) टेकवल्यावर बाण काटकोनापेक्षा साधारण ६ ते १० मिलिमीटर वर बसायला हवा. तो फ्लॉसने किंवा सर्व्हिंगच्या दोऱ्याने बांधा आणि गाठीवर डिंकाचा थेंब द्या. पितळी कडी टॅबचं चामडं खाते.

इशारा: पाउंड कमी करण्यासाठी बोल्ट बाहेर काढत जाताना पुस्तिकेतली मर्यादा ओलांडू नका. पुरेसे आटे आत नसतील तर बोल्ट ताणाखाली उपटून येतो. मुलाला धनुष्य जड जात असेल तर हलके लिम्ब घ्या.

आट्यांना वर्षातून एकदोनदा ग्रीसचं बोट पुरतं. रत्नागिरी, मालवण किंवा गोव्याकडे राहत असाल तर खाऱ्या हवेत बोल्ट लवकर गंजतात, तिथे महिन्याला काढून पुसा.

## टप्पा ७: लहान भाग

बटनाच्या नळीत धूळ गेली की दांडी अडकते आणि बाण एकदम बाजूला जातात. बोटाने दाबून सोडा. झटकन परत यायला हवी. अडकत असेल तर स्प्रिंगचे फेरे मोजून लिहून घ्या, मगच उघडा, कोरड्या फडक्याने पुसा. तेल घालू नका, ते धूळ धरतं. रेस्टची तार वाकलेली नाही, क्लिकरची (बाण पूर्ण ओढल्यावर टिक् वाजणारी) पट्टी गंजलेली नाही, साईटचे आणि स्टॅबिलायझरचे (तोल सांभाळणाऱ्या दांडीचे) स्क्रू सैल नाहीत, एवढं पाहिलं की झालं. स्टॅबिलायझर हाताने कसायचा, पक्कड लावायची नाही.

## टप्पा ८: सराव संपल्यावर

१. स्ट्रिंगरनेच स्ट्रिंग उतरवा.

२. स्ट्रिंगचे दोन्ही लूप हातातून सुटण्याआधी एकमेकांत अडकवून दोऱ्याने बांधा किंवा वाइंडरवर गुंडाळा. पीळ उलगडतात ते याच क्षणी. सुरुवातीला सांगितलेल्या मुलीच्या पिशवीत आता लूप बांधायला लाल लोकरीचा तुकडा असतो आणि ब्रेस हाइट पुन्हा ढळलेली नाही.

३. लिम्ब आणि राइजर कोरड्या फडक्याने पुसा. घामाची मूठ वेगळी पुसा.

४. लिम्ब आपापल्या कव्हरमध्ये, सपाट ठेवा. टोकावर उभे करून कोपऱ्यात टेकवू नका.

पावसात भिजलं तर: सगळं सुटं करा. राइजरच्या खाचा, बोल्टची भोकं, बटनाची नळी कापसाने टिपा. पंख्याखाली वाळू द्या, उन्हात किंवा चुलीजवळ नको. ओलसर फोमच्या कव्हरमध्ये लिम्ब ठेवले की आठवड्यात बुरशीचा वास येतो. आधी कव्हर वाळवा. जून ते सप्टेंबर पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग पालटला की बदला. पिशवी भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवू नका, ओल भिंतीतूनही येते.

उन्हाळ्यात: विदर्भात बाहेर ४५ अंश असतं तेव्हा बंद गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त असतं. लिम्बचे थर गोंदाने जोडलेले असतात आणि गोंद उष्णतेने सैल पडतो. जेवायला अर्धा तास थांबलात तरी पिशवी सोबत घ्या.

खंडेनवमीला: धनुष्याची पूजा आपण सगळेच मनापासून करतो. हळदकुंकू राइजरच्या बाहेरच्या बाजूला, पाणी न शिंपडता लावा. स्ट्रिंगला, लिम्बच्या खाचेत आणि बटनावर लावू नका. कुंकवाची पूड सर्व्हिंगमध्ये शिरली की निघत नाही. ओला हार स्टॅबिलायझरवर घाला. आणि पूजेला धनुष्य स्ट्रिंग न चढवता मांडा. घरी आलेला पाहुणा कौतुकाने स्ट्रिंग ओढतो आणि बाण नसताना सोडून देतो. मी असे दोन लिम्ब गेलेले पाहिले आहेत.

## बांबूचं धनुष्य असेल तर

इंडियन राउंड (बांबूच्या धनुष्याचा स्पर्धाप्रकार) खेळणाऱ्या मुलांकडे बांबूचं धनुष्य असतं. त्याला बोल्ट नाहीत, टिलर फिरवता येत नाही, म्हणून साठवण हीच त्याची मुख्य निगा.

सराव संपला की स्ट्रिंग लगेच उतरवा. चढवलेलं राहिलं तर बांबू त्या बाकावरच बसतो आणि जोर मरतो. सकाळी पहिल्यांदा पूर्ण ओढू नका. आधी अर्धं, मग पाऊण, असं दहाबारा वेळा ओढून हातानेच परत आणा. महिन्यातून एकदा जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि तासाभराने कोरड्या फडक्याने पुसून घ्या. तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, पसरून वाळवा. जवसाच्या तेलाचा बोळा आपोआप तापतो आणि पेट घेऊ शकतो.

धनुष्याखाली पिठासारखा पिवळट भुसा दिसला तर भुंगा लागला आहे. ते धनुष्य बाकीच्यांपासून लगेच वेगळं करा आणि भोकं पेराजवळ किंवा मुठीजवळ असतील तर वापरणं थांबवा. कडेला उभी चीर दिसली तरीही थांबवा. ठेवताना दोन खुंट्यांवर आडवं ठेवा, उभं नको.

## कंपाउंड असेल तर

स्ट्रिंग उतरवायची नाही, मोड्यूल (कॅमवरचा सुटा भाग) उघडायचं नाही, केबल बदलायची नाही. त्याला बो प्रेस (धनुष्य दाबून धरायचं यंत्र) लागतो आणि तो चालवता येणारा माणूस लागतो. घरी एवढंच करा: उघड्या धाग्यांना वॅक्स, कॅमच्या (लिम्बच्या टोकाच्या चाकांच्या) धुळीला ब्रश, आणि कॅमवरच्या वेळेच्या खुणा जागेवर आहेत का ते पाहणं. खूण सरकली असेल तर फोटो काढा आणि तंत्रज्ञाकडे जा. कंपाउंड बाणाशिवाय सुटलं तर कॅम वाकतो, स्ट्रिंग घसरते, केबल तुटते. त्यानंतर स्वतः ओढून पाहू नका.

## स्पर्धेच्या आधी

शेवटचे आठ दिवस नवीन काही लावायचं नाही. जादा स्ट्रिंग त्याआधीच चढवून तिच्यावरून शंभरेक बाण मारा, नॉकिंग पॉइंट मुख्य स्ट्रिंगला लावून जुळवा आणि ब्रेस हाइट, पीळ व साईटचा आकडा लिहून कागद तिच्यासोबत पाकिटात घाला. लूप बांधूनच ठेवा. मुख्य स्ट्रिंग तुटली की पाकीट फोडायचं, कागदावरचे पीळ मोजून चढवायची, ब्रेस हाइट पाहायची आणि परत रेषेवर जायचं.